सावळीआजीचं नाक

पिकअप गाडी करंजपाड्याच्या वळणावर दिसली आणि काळूरामला पळून जावंसं वाटलं. खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता. आजीचा पुतळा व्हावा म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं मुरबाडला खेटे घालत आला होता, ग्रामपंचायतीत भांडला होता, चार लोकांच्या पाया पडला होता, आणि उद्या सव्वीस जानेवारीला चौकात एकदाचा पडदा सरकायचा होता. पण पुतळ्याला तोंड होतं. आणि त्या तोंडाबद्दल काळूरामला जे ठाऊक होतं, ते घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यात आज जिवली यायची होती.

जिवली त्याची धाकटी बहीण. दिली होती उंबरमाळीच्या बाजूला, नामाच्या घरी. दहाबारा वर्षं झाली, तिने माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. कारण काय, तर बैल! म्हशाच्या जत्रेत काळूरामने नामाला एक बैल घेऊन दिला होता. शिंगं बघा, खांदा बघा, असा बैल सगळ्या जत्रेत नाय, असं म्हणून. बैल जत्रेतून ऐटीत निघाला आणि मुरबाडच्या अलीकडे भर रस्त्यात जो बसला, तो उठेचना. शेपटी पिळली, पेंढा दाखवला, कानात ओरडून झालं, दोन्ही बाजूंनी एसट्या खोळंबल्या. नामाने म्हटलं, मेहुण्यानं बसका बैल गळ्यात बांधला. काळूरामने म्हटलं, बैल सोन्यासारखा होता, तुमालाच हाकता आला नाय. मग जिवलीने म्हटलं, "दादा, बैल बसका व्हता एवढा बोल, की मी घरात येते." त्याने मान फिरवली. बैल केव्हाच मरून गेला, तरी हे बोलणं तसंच राहिलं होतं.

काळूरामला बहीण हवी होती. अगदी जीव तुटेपर्यंत हवी होती. दिवाळीत भाऊबीजेचं ताट रिकामं राहिलं की हा गडी गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलत बसे. पण "बैल बसका होता" हे तीन शब्द काही त्याच्या तोंडातून निघत नव्हते. मग त्याने लांबचा रस्ता धरला. आजीचा पुतळा केला, तर जिवलीला यावंच लागेल.

आणि खरंच ती येत होती.

सावळीआजी म्हणजे या दोघांच्या बापाची आई. लग्नाच्या मांडवात बसून धवळे गाणारी धवळारीण. अक्षर एक येत नव्हतं, पण जागच्या जागी गाणं रचायची, आणि तिचा खरा हात चिडवायच्या गाण्यात. तिच्या मांडवाचा कायदा असा की, जिला-ज्याला ती गाण्यात चिडवील त्याने रागवायचं नाही. उत्तर द्यायचं तर गाण्यातच. नसेल येत, तर नारळ आणून गाणारणीच्या हातात ठेवायचा, म्हणजे हरलो म्हणून कबूल करायचं. आणि जो रागावून उठून गेला, त्याला सगळा गाव वर्षभर हसायला मोकळा.

जंगल सत्याग्रहात लोक बंदी मोडून गवत कापायला रानात शिरले, तेव्हा एक साहेब शिपाई घेऊन आडवा आला. लोक मागे सरकले. सावळीआजी पुढे झाली आणि तिने त्याला नवरदेवाचं गाणं लावलं:

साहेब आला घोड्यावरून, टोपी त्याची केवढी गो
टोपीखाली डोकी बाय वाटाण्याएवढी गो!

बाया हसल्या, बाप्ये हसले, मग साहेबाचेच शिपाई तोंडाला फडकं लावून हसायला लागले. साहेब रागावला. म्हणजे कायद्याने हरला. त्याने सावळीआजीला धरून ठाण्याच्या तुरुंगात टाकलं, आणि ती बाहेर आली ती पुढारीण होऊन. पुढे बेचाळीसात सिद्धगडाच्या रानात माणसं लपली, तेव्हा तिनेच गावोगाव लग्नं फिरून निरोप पोचवले. मांडवात ती "पाच वराडी जेवून पूर्वेला गेले" असं गायली की ऐकणाऱ्याला कळायचं, शिपाई किती आणि गेले कुठं. धवळारणीला कोण अडवतंय! मंगलकार्याला चाललेली बाई ती.

एवढी बाई, पण फोटो एक नाही. कुणी फोटो काढायला आला की पदर तोंडावर ओढायची. काळूराम पाच वर्षांचा असताना ती गेली. त्याला तिचा आवाज आठवत होता, हाताला येणारा पेंढ्याचा वास आठवत होता, तोंड मात्र नाही. तिला पाहिलेलं माणूस आता पाड्यात उरलं नव्हतं.

आणि मूर्तिकार नथू तर फोटो मागत होता. "काळूशेठ, फोटूबिगर मी काय बनवू? मी आख्खा जन्म गणपती केलेत. फोटू नाय दिलात तर हात आपसूक सोंडेकडं जातो." काळूरामने खिसे चाचपले. खिशात सापडला एसटीच्या सवलतीसाठी काढलेला बायकोचा फोटो. फोटोवाल्याने "हसू नका" म्हटल्याने देवकी त्यात अशी काही भडकलेली होती की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरकावं. इंग्रजाशी लढायचं तर तोंड असंच पाहिजे, असं काळूरामला वाटलं आणि त्याने तो फोटो नथूला देऊन टाकला. आजीचं तोंड कुणाला आठवतंय, असा हिशेब. देवकीचं तोंड सगळ्यांना रोज दिसतं, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही! ते रात्री अंथरुणात आलं. पण तोवर नथूने साचा काढला होता.

गाडी अंगणात थांबली. मुलगा अनिल आणि नथू यांनी पुतळा उतरवून तुळशीशेजारी उभा केला. वरून खालपर्यंत चादर गुंडाळलेली होती आणि कमरेला सुतळी बांधलेली.

"उद्यापातूर कोणी चादर काढायची नाय," काळूरामने बजावलं. "अपशकुन असतो."

"कसला अपशकुन?" सून नम्रताने विचारलं. ती मुरबाडला एमआयडीसीत कामाला जायची, तिला सगळ्याचं कारण लागायचं.

"असतो एक," काळूराम म्हणाला.

देवकी पदराला हात पुसत दारात आली. "मला तरी बघू द्या वो. मी ह्या घरात आल्यापासून तुमच्या आजीची गाणी गातेय. तोंड तरी कळू दे."

"तू तर मुळीच बघू नको!" काळूराम एवढ्या जोरात ओरडला की कोंबड्या पळाल्या. देवकीने त्याच्याकडे फोटोतल्यासारखं पाहिलं आणि आत गेली.

उन्हं कलायला लागली तशी जिवली आली. मागे नामा, हातात पिशवी. केस पांढरे झाले होते हिचे. चालताना गुडघा धरत होती. "आलीस बाय?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"आजीसाठी आले," जिवली म्हणाली आणि ओटीवर पाय सोडून बसली. उंबरा तिच्यापासून हातभर अंतरावर होता.

देवकीने पाण्याचा तांब्या आणला. "जिवलीबाय, आत ये. चा टाकलाय."

"पाणी आमी गाडीत प्यालो, वयनी. चा बी प्यालो." नामा काहीतरी बोलणार होता, त्याचा घसा सुकलेला स्पष्ट दिसत होता, पण बायकोने बघितलं तसा तो पिशवीत काहीतरी शोधायला लागला.

नामा हा गरीब गाय माणूस, पण बैलापासून त्याला एक सवय लागली होती. माल पारखल्याशिवाय तो आता काहीही घरात येऊ देत नसे. मेथीची जुडी उलटी करून बघायचा. तो उठला, पुतळ्याभोवती एक फेरी मारली आणि पाठीवर टिचकी वाजवली.

"पोकळ हाय."

"फायबरचा हाय, दाजी," काळूराम घाईघाईने म्हणाला. "बसा तुमी. लांबून आलाव."

"बसतो की. पण मेहुणे, तुमी घेतलेला माल एकदा उभ्यानं बघून घेतलेला बरा." आणि काळूराम मध्ये पडायच्या आत नामाने सुतळी ओढली.

चादर खाली आली. नथूच्या हाताला गणपतीची सवय, त्यामुळे पुतळ्याचा एक हात आशीर्वादाला वर होता आणि पोट जरा सुटलेलं होतं. कवयित्री म्हटल्यावर नथूने दुसऱ्या हातात लेखणी दिली होती. नाकावर चष्मा होता. आणि चष्म्यामागून देवकी जळजळीत नजरेने अंगणाकडे बघत होती.

नामाने पुतळ्याकडे पाहिलं, दारातल्या देवकीकडे पाहिलं, पुन्हा पुतळ्याकडे पाहिलं.

"मेहुणे," तो म्हणाला, "ही तर आपली वयनी हाय."

"ए बाबा!" अनिलने कपाळाला हात लावला. नम्रता पदर तोंडात कोंबून मागे वळली. तिचे खांदे हलत होते.

देवकी पायऱ्या उतरून पुतळ्यासमोर उभी राहिली. दोघींची उंचीसुद्धा सारखी होती. "हे काय हाय?" तिने अगदी शांतपणे विचारलं, आणि काळूरामला तिचा हाच आवाज सगळ्यात जास्त घाबरवायचा.

"अगो, फोटू नव्हता... आनि तुजा चेहरा कसा, करारी..."

"मी जिती हाय!" देवकीचा आवाज चढला. "उद्या गावाम्होरं माज्या गळ्यात हार घालनार? माज्या पायाशी नारळ फोडनार? एवढी घाई झाली तुमाला? आन मेल्या नथ्या, तुला बी कळला नाय?"

"मला काय ठावं, काकी!" नथू गाडीमागे सरकला. "मी तुमाला आज पयल्यांदाच बघतोय."

"आनि चाळीस वर्सांत एक गजरा आनला नाय ह्या मानसानं! आनला तो पुतळ्याला हार!"

आता जिवली उठली. "थांब वयनी. तुजा ऱ्हाऊ दे बाजूला. दादा, आजी माजी. रक्त माजं. तोंड काढायचंच व्हतं तर माजं काढायचं! ही तर दुसऱ्या घरातनं आलेली."

"दुसऱ्या घरातनं?" देवकी गर्रकन वळली. "आन तू कोणाच्या घरात ऱ्हातेस गो? आजीची गाणी कोणी जपली? सासूनं मला शिकवली, चुलीपुढं बसवून."

"आईनं मला आधी शिकवली!"

"मग गात का नाय कदी इथं येऊन?"

"बैलाला इचार!"

"माज्या मते," नामा मध्येच म्हणाला, "वयनीचा नाक पुढारणीला शोभतो." बायकोने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो पुतळ्याआड गेला. अनिल म्हणाला, आत्याचं बरोबर आहे, रक्ताचाच चेहरा हवा. लगेच देवकी म्हणाली, बरा, मग आजपासून आत्याकडंच जेव. तसा अनिल म्हणाला, आईचंही बरोबर आहे. काळूराम एकीकडून दुसरीकडे बघत उभा होता. त्याने बहिणीला आणण्यासाठी पुतळा केला होता, आणि बहीण पुतळ्यापायीच हातची चालली होती. त्याला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात फाटकातून हंबरडा ऐकू आला. शेजारच्या वाडीतली देवकीची मैत्रीण लहानी ऊर बडवत आत शिरली. "अगो देवकेऽ! काल तर माज्याकडं वालाच्या शेंगा नेल्यास गो! कशी गेलीस गोऽ!"

ती थेट काळूरामच्या गळ्यात पडून रडायला लागली. देवकी मागून म्हणाली, "लहाने, कोण गेला?" लहानीने डोळे पुसत वळून पाहिलं. एक देवकी समोर, एक तिच्या शेजारी आशीर्वाद देत उभी. लहानीने अशी किंकाळी फोडली की नथू गाडीत चढून बसला.

"मी भूत नाय गो बाई! हात लावून बघ!"

"लावनार नाय!" लहानी खांबाला मिठी मारून म्हणाली. "चौकात बॅनर लागलाय तुजा. हार घातलेला, दोन बाजूला समया, 'विनम्र अभिवादन.' लोक टोपी काढून पाया पडतात!"

काळूरामने अनिलकडे पाहिलं. अनिलने मान खाली घातली. "मी बॅनरवाल्याला म्हटलं, फोटो नथूकडून घे. मला टाइम कुठे होता? तो परस्पर लावूनही गेला."

अनिलचा फोन वाजला. मग नम्रताचा. मग पुन्हा अनिलचा. "नाही, आई बरी आहे," नम्रता सांगत होती, "हो, शंभर टक्के, समोर ओरडतेय, ऐका," आणि तिने फोन देवकीकडे धरला. देवकी फोनवर जे ओरडली त्याने पलीकडच्या माणसाची खात्री पटली असावी.

ह्या सगळ्या गोंधळात जिवलीने पिशवी उचलली. "उठा वो," ती नामाला म्हणाली. "निघू. कसाऱ्याची गाडी मिळंल. इथं आजी बी नाय आन आपला बी कोणी नाय."

काळूराम फाटकात आडवा झाला. "जिवले, थांब. जाऊ नको गो. सकाळी मी काय तरी करतो."

"बैल बसका व्हता, बोल."

त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. "बैलाला... जरा... ऊन लागला असंल," एवढंच बाहेर पडलं. जिवलीने त्याला हाताने बाजूला केलं.

आणि ती फाटकाबाहेर पाऊल टाकणार, तोच मागून गाणं आलं. देवकीने कमरेवर हात ठेवले होते. राग तिच्या तोंडावर तसाच होता, पण सूर लग्नाचा होता:

नणंद आली मायेरा, ओटीवरच बसली गो
भाकर नको, पानी नको, बैलासारखी रुसली गो!

जिवली जागच्या जागी थांबली. आता ती गेली असती तर रागावून गेली असं झालं असतं, म्हणजे हरली. आणि सावळीआजीची नात वहिनीकडून हरणार? साक्षीला लहानी होती, म्हणजे रात्रीपर्यंत सगळ्या तालुक्यात झालं असतं. तिने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि वळली:

वयनी माजी पुढारीण, चौकात उभी ऱ्हायली गो
जितेपनी हार गळ्यात, अशी कोणी पायली गो!

लहानी खांब सोडून हसली. देवकीने दुसरं लावलं, जिवलीच्या गुडघ्यावर. जिवलीने उत्तर दिलं, देवकीच्या बॅनरवरच्या समयांवर. मग दोघींनी मिळून नथूच्या पोटसुट्या पुतळ्याला धरलं, मग नामाच्या मेथीच्या जुडीला. म्हणता म्हणता आवाज एकमेकींना जुळत गेले, कारण चाल एकच होती आणि शिकवणारीही एकच. काळूराम फाटकाला टेकून ऐकत राहिला. कित्येक वर्षांनी त्याच्या अंगणात आईचा आवाज दोन गळ्यांतून येत होता, आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

मांडवात चिडवाचिडवी संपली की धवळारीण शेवटचं गाणं स्वतःवर म्हणते. म्हणजे कुणाच्या मनात किल्मिष राहायला नको. सावळीआजीचंही तसं एक होतं. दोघींनी ते सवयीने एकदमच उचललं:

गाणारीण कशी दिसं, काय सांगू बाय गो
नाक नकटा, दात पुढं, डोळा तिरका हाय गो
देव बसला घडवाया, चिखल सरून जाय गो
उरला तेवढा जिभंला, कमी काय नाय गो!

गाणं थांबलं. देवकीने जिवलीकडे पाहिलं. जिवलीने पुतळ्याकडे पाहिलं. "नाक नकटा," जिवली हळूच म्हणाली.

"दात पुढं," देवकी म्हणाली.

"डोळा तिरका!" लहानी ओरडली. तिला भलताच उत्साह आला होता.

हे गाणं काळूरामने पाळण्यापासून ऐकलं होतं. प्रत्येक लग्नात ऐकलं होतं. आजीने स्वतःचं तोंड सगळ्यांच्या कानात ठेवून दिलं होतं, आणि हा गाढव फोटो शोधत खिसे चाचपत बसला होता. त्याने स्वतःच्याच कानशिलात मारली.

"नथ्या, उतर खाली!" देवकीने हुकूम सोडला. "पुट्टी हाय ना तुज्याकडं? नाक चेप."

नथू कामाला लागला. चार माणसं चार बाजूंनी सांगत होती. अजून चेप. एवढा नको. ऐक, मीच दाखवते, म्हणून जिवलीने अंगठ्याने स्वतःच नाक दाबलं. मग दात आला. डोळा तिरका करताना नथूने विचारलं, कुठला? गाण्यात ते नव्हतं. दोघींनी भांडून डावा ठरवला. चष्मा काढला. लेखणीचं काय करायचं यावर बराच वेळ गेला, कारण ती मुठीत पक्की चिकटली होती. शेवटी नम्रताने सुचवलं, आणि नथूने लेखणीच्या टोकाला विळ्याचं पातं जोडून टाकलं. गवत कापायला निघालेल्या बाईच्या हातात ते शोभून दिसलं. आशीर्वादाचा हात तेवढा राहिला. तो खाली घेतला असता तर खांद्यापासून निघाला असता.

काम होईस्तोवर दिवस बुडाला. जिवली ओटीवर जेवली नाही, आतही गेली नाही. लहानीकडे झोपायला गेली. जाताना म्हणाली, "गाणं येगळं, दादा. बैल येगळा."

सकाळी चौकात सगळा पाडा जमला. बॅनरवरच्या देवकीच्या तोंडावर अनिलने पांढरा कागद चिकटवला होता, तरी येणारे-जाणारे देवकीला "बऱ्या हाव ना?" असं विचारून खात्री करून घेत होते. प्रमुख पाहुणे म्हणून कुणी माजी सभापती आले होते. त्यांनी पडदा ओढला. नकटी, दातरी, तिरप्या डोळ्याची सावळीआजी विळा परजून लोकांकडे बघायला लागली. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळा चौक हसला. हसणं थांबलं तेव्हा बऱ्याच बाया डोळे पुसत होत्या. सभापतींनी भाषण केलं. "थोर कवयित्री" हे ते पुन्हा पुन्हा म्हणाले. शेवटी म्हणाले, आता त्यांची नात एक गीत सादर करील.

जिवली पुढे आली. काळूराम पुतळ्याच्या पायाशी उभा होता, हातात ताट, ताटात सभापतींनी फोडायचा नारळ. जिवलीने त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि लाऊडस्पीकरवर सूर लावला:

दादानं दिला बैल बाय, देखना किती हाय गो
रस्त्यात जाऊन बसला तवा उठता उठत नाय गो
दादानं केला पुतळा, बायकोवानी दिसं गो
बैल बसका व्हता का, दादाला कोणी पुसं गो!

चौकात हशाचा लोळ उठला. सभापतीसुद्धा हसले. मग हळूहळू सगळे काळूरामच्या तोंडाकडे बघायला लागले, कारण त्याचा राग पंचक्रोशीला ठाऊक होता. त्याचे कान लाल झाले होते. आख्ख्या गावासमोर, लाऊडस्पीकरवर, प्रमुख पाहुण्यांदेखत! त्याने वर पाहिलं. सावळीआजी एका डोळ्याने त्याच्याकडे बघत होती आणि दुसऱ्याने जिवलीकडे.

गाणं त्याला येत नव्हतं. जन्मात आलं नाही. त्याने ताटातला नारळ उचलला. सभापतींनी घ्यायला हात पुढे केला. काळूराम त्यांच्यापुढून गेला आणि त्याने नारळ जिवलीच्या हातात ठेवला.

"बसका व्हता," तो म्हणाला. माईक जवळच होता, त्यामुळे ते शेजारच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं. "जत्रेतच दोनदा बसला व्हता. मी बघितलेला."

नामाने आभाळाकडे बघून हात जोडले. जिवलीचा चेहरा आधी कडक राहिला, मग सैल पडला. तिने नारळ छातीशी धरला.

"अहो ताई, तो नारळ इथं फोडायचा आहे," सभापती म्हणाले.

"ह्यो नाय," जिवली म्हणाली. "ह्यो मी जिंकलेला हाय."

आणि ती चालायला लागली. चौकातून, फाटकातून, अंगणातून. देवकी पातेल्याखालचा जाळ बघायला मघाशीच घरी परतली होती. काळूराम बहिणीमागे पळत होता आणि त्याच्यामागे नामा. जिवली ओटीवर चढली, गुडघा धरला, उंबऱ्यावरून पाय आत टाकला आणि थेट चुलीपाशी गेली.

"वयनी," तिने विचारलं, "कोयता कुठं ठेवतेस आता?"

देवकीने वळूनही पाहिलं नाही. ती भात ढवळत होती.

"तू ठेवून गेलीस तिथंच हाय."